खळग्यावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे आणि आता पार दमले आहे. बोलता बोलता मध्येच थांबले तर रागावू नका. नगरच्या छावणीपलीकडे जो उघडाबोडका माळ आहे, तिथे एका लाकडी खांबावर मी लटकते. माझा लोलक झिजला आहे आणि कडेला एक टवका उडाला आहे. वारा सुटला की मी नुसती कुरकुरते.

माझा जन्म भिंगारचा. पुंजाराम ओतारी नावाच्या कारागिराने मोडक्या समया, फुटके तांबे आणि एक बिनदांड्याची पळी वितळवून मला ओतलं. घंटा म्हणजे देवळासाठीच असणार, असं धरून त्याने माझ्या गळ्याशी छान वेलबुट्टी काढली. मला न्यायला छावणीतला पट्टेवाला आला, तेव्हा बिचारा गोंधळला. "अहो, देऊळ कोन्चं?" त्याने विचारलं. "देऊळ न्हाई, खेळाचा क्लब हाय साहेबांचा," पट्टेवाला म्हणाला. पुंजाराम माझ्याकडे बघत राहिला. लेक भलत्याच घरी पडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

तो क्लब गोल्फचा होता. गोल्फ म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक नसेल. लिंबाएवढा टणक चेंडू लांब काठीने मारत मारत एका भोकात घालायचा आणि मग पुढच्या भोकाकडे चालू लागायचं. एवढ्यासाठी मोठी माणसं उन्हातान्हात मैलोगणती हिंडतात. इतकी वर्षं बघूनही त्यातलं मर्म काही मला कळलं नाही. विलायतेत म्हणे भोकाभोवती हिरवळ असते. आमच्या माळावर हिरवळ कुठली? वाळूत तेल कालवून गोल जागा थापली होती, तिलाच साहेब लोक कौतुकाने ब्राऊन म्हणत.

क्लबाचे नियम मात्र विलायतेला लाजवतील असे होते. सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांनी नाव सुचवायचं. मग एका पेटीत सगळ्यांनी गुपचूप गोट्या टाकायच्या. त्यात एक जरी काळी निघाली तरी तो माणूस बाद. पांढऱ्याच निघाल्या तरी पहिलं वर्ष कच्चं. त्या वर्षात कमिटीची मर्जी गेली की कारण न सांगता नारळ. मैदानात दुसरा मारत असताना बोलायचं नाही, त्याच्या सावलीत उभं राहायचं नाही, ब्राऊनवर उठलेली पावलं फळी ओढून पुसायची. नोकरांनी व्हरांड्याची पायरी चढायची नाही. आणि एक नियम माझा.

माझ्या खांबासमोर एक खोल खळगा आहे. त्यातच एक भोक आहे. खळग्याच्या अलीकडे टेकाड असल्यामुळे टेकाडामागून चेंडू मारणाऱ्याला खळग्यात कोण आहे ते दिसत नाही. म्हणून खळग्यातून बाहेर पडणाऱ्याने मला वाजवायचं आणि मी वाजल्याशिवाय मागच्याने चेंडू मारायचा नाही. साहेब लोक वाजवायला विसरत, म्हणून शेवटी क्लबाने त्या कामावर एक माणूसच नेमला. त्याचं नाव शांतवन.

शांतवन भिंगारजवळच्या वाडीतला, ख्रिस्ती वस्तीतला. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. रोज सकाळी आला की तो आधी मला चिंच लावून घासायचा, मग तंबाखू मळायचा. मला त्याचा हात आवडायचा. दोरी ओढताना तो कधी हिसका देत नसे.

वाडीतून छावणीकडे जाणारी पायवाट त्याच खळग्यातून जाते. क्लब आला त्याच्या कितीतरी आधीपासूनची ती वाट. शांतवनची बायको सारा आणि तिची मैत्रीण राहीबाई रोज गवताचे भारे घेऊन तिथून जायच्या. छावणीतल्या गोठ्यांना गवत घालायचा त्यांचा धंदा होता. एक प्रार्थनेला जाणारी, एक खंडोबाचा भंडारा लावणारी, पण दोघी लहानपणापासून एकमेकींच्या गळ्यात गळा घालून वाढलेल्या. एकीला हसू आलं की दुसरी आधी हसायची. नियमात गवतवाल्यांचा उल्लेख नव्हता. खेळणारे बाहेर पडले की घंटा द्यायची, एवढंच लिहिलं होतं. पण खळग्यात कुणीही बाई, बाप्या, म्हैस असली तरी शांतवन मला वाजवत नसे. त्यावरून त्याला शिव्याही बसत. तो मान खाली घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करायचा.

लढाई सुरू झाली, गोरे अधिकारी आघाडीवर गेले आणि क्लब ओस पडायला लागला. तेव्हा कुठे कमिटीला एतद्देशीय माणसांची आठवण झाली. नगरच्या कोर्टातले नामांकित वकील आप्पासाहेब हे पहिले हिंदी सभासद झाले. नवी पांढरी विजार, नवी टोपी, हातात नव्या काठ्या. सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते. ते खेळायचे बेताचे, पण ब्राऊनवरची पावलं इतकी जपून पुसायचे की मला त्यांचं हसू यायचं आणि कीवही यायची.

बेचाळीसची संक्रांत होती. काठ्या उचलणारे सगळे गडी सणाला घरी. शांतवनला संक्रांत नव्हती, म्हणून तो आला. साराला ताप होता, म्हणून राहीबाई एकटीच आली. सण असला तरी छावणीतल्या गाई जेवायच्या थांबत नाहीत. पुढचे दोन खेळाडू खळगा सोडून केव्हाच लांब गेले होते. टेकाडामागे एक मेजरसाहेब आणि आप्पासाहेब माझ्या आवाजाची वाट बघत थांबले होते. एवढ्यात राहीबाई डोक्यावर भारा घेऊन खळग्यात उतरली.

"राहीबाई, पाय उचल. साहेब खोळंबल्यात पलीकडं," शांतवन ओरडला.

"भारा हाय डोईवर, पळू कशी?" ती खालूनच म्हणाली. "थांबू दे की त्यांला. त्यांचं काय दूध नासतंय?"

शांतवन हसला. माझी दोरी त्याच्या हातात होती आणि ती सैल होती. टेकाडामागून शिट्टी ऐकू आली. पुन्हा एक आली, रागाची. शांतवनने दोरी सोडूनच दिली आणि दोन्ही हात वर करून टेकाडाकडे धावत सुटला. तेवढ्यात काठीचा टणत्कार झाला.

चेंडू राहीबाईच्या डोळ्यावर बसला. ती ओरडलीही नाही. गवतासकट खाली बसली आणि मग आडवी झाली. शांतवन तसाच खळग्यात उतरला. टेकाडावर मेजरसाहेब आले, त्यांच्यामागे आप्पासाहेब. मित्रांनो, मी वाजले नव्हते. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते कुणीच ठेवलं नाही.

चार दिवसांनी कमिटी बसली. राहीबाई दवाखान्यात होती. डोळा गेला होता. मला खांबावरून उतरवून व्हरांड्यात नेलं आणि टेबलावर ठेवलं. शांतवन पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभा. मेजरसाहेब म्हणाले, "घंटा ऐकली, म्हणूनच मी मारलं." सेक्रेटरींनी मला उचलून दोनदा हलवलं. मी खणखणीत वाजले. सगळ्यांनी माना डोलावल्या. घंटा वाजते आहे, म्हणजे त्या दिवशीही वाजली असणार! मी वाजू शकते का ते त्यांनी पाहिलं. वाजले होते का, हे मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

"मी न्हाई वाजवली, साहेब," शांतवन खालून म्हणाला. "येशूची आन हाय. बाई खळग्यात दिसत हुती मला. मी कशी वाजवंन?"

मग सेक्रेटरी आप्पासाहेबांकडे वळले. मेजरसाहेबांच्या शेजारी ते एकटेच तर उभे होते. आप्पासाहेबांनी चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. त्यांचं कच्चं वर्ष संपायला थोडेच दिवस राहिले होते. शांतवन त्यांच्याकडे बघत होता. आपल्या भाषेतला माणूस, कोर्टात खऱ्याखोट्याचा निवाडा मागणारा माणूस, हा सांगेलच, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. मलासुद्धा तसंच वाटत होतं.

"वारा फार होता," आप्पासाहेब म्हणाले. "मला नक्की सांगता येणार नाही."

झालं. शांतवनने अवेळी घंटा दिली, असा निकाल झाला आणि त्याला काढून टाकलं. मला पुन्हा खांबावर टांगलं. पायवाटेवर बाभळीचं कुंपण घातलं. आप्पासाहेब महिन्याभरात पक्के सभासद झाले.

शांतवन आपली घोंगडी न्यायला खांबाशी आला, त्याच दिवशी राहीबाईही आली. डोक्याला पट्टी होती. सारा तिच्याबरोबर होती. दोघींचे चेहरे उतरलेले.

"भाऊ, खरं सांग," राहीबाई म्हणाली. "माज्या कानावर गवत हुतं, मला काय बी ऐकू आलं न्हाई. तू वाजवली हुतीस का?"

"न्हाई, बाई."

"मंग वकीलसाहेब का गप बसले? एवढा शिकल्याला मानूस. त्यास्नी काय तुजं वाकडं करायचं हुतं?"

साराने मैत्रिणीचा हात धरला. "राही, ह्यो मुंगीला पाय लावत न्हाई. तुला ठावं हाय." पण राहीबाईने हात सोडवून घेतला आणि कुंपणाच्या कडेकडेने निघून गेली. मित्रांनो, मला त्या वेळी फार वाटलं, की आपल्या पोटातून नुसता आवाज येतो, शब्द का येत नाहीत? मी तिथे अगदी जवळ, हाताच्या अंतरावर लटकत होते.

नंतरच्या वर्षांबद्दल काय सांगू? शांतवन खडी फोडायला लागला. वाडीत लोक त्याच्याकडे बोट दाखवायचे, बाईचा डोळा घालवणारा म्हणून. राहीबाई आणि सारा कुंपणाच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वेळी गवताला जाऊ लागल्या. एकदा समोरासमोर आल्या तर राहीबाईने पदर पुढे ओढला. मला नवे घंटावाले आले आणि गेले. ते खळग्यात न बघता हिसके देऊन मला बडवत. माझा टवका त्यातलाच. घासणं तर कुणाला ठाऊकच नव्हतं. मी काळी पडले, आतून कोळ्यांनी जाळी केली. वाजायचा मला कंटाळा यायला लागला तो तेव्हापासून.

मग साहेब लोक गेले. क्लबावरचं निशाण बदललं, आणि आप्पासाहेब सेक्रेटरी झाले. नियमांची पाटी त्यांनी नव्याने रंगवून घेतली. गोट्यांची पेटी तशीच राहिली, पायऱ्यांचा नियम तसाच राहिला, कुंपणही राहिलं. एक सुधारणा मात्र त्यांच्या मनात आली. घंटेवर जुना भरवशाचा माणूस हवा, म्हणून त्यांनी शांतवनला निरोप धाडला.

तो आला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. केस सगळे पांढरे, हातांना घट्टे. आप्पासाहेब स्वतः खांबापाशी आले होते. त्यांचेही केस पिकले होते.

"शांतवन, झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "उद्यापासून कामावर ये. पगार मी वाढवून देतो."

शांतवन माझ्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला. कुंपणापलीकडे राहीबाई गवत कापत होती. त्याने तिला हाक मारली. ती थबकली. इतक्या वर्षांनी तो तिला हाक मारत होता. विळा हातात धरूनच ती कुंपणापाशी आली.

"नोकरी मला नगं, साहेब," शांतवन म्हणाला. "हिला सांगा. त्या दिशी काय झालं ते हिला सांगा, आन् मी जातो."

आप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आता माळावर गोरं माणूस औषधालाही नव्हतं. मेजरसाहेब कधीचे विलायतेला गेले होते. पेटीत काळी गोटी टाकायला कुणी उरलं नव्हतं. मग ते कुंपणाच्या काट्यांपाशी आले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "घंटा वाजली नव्हती. मी तिथेच होतो. मेजरसाहेबांना धीर निघाला नाही. ह्याचा काही दोष नव्हता."

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल, विळा फेकेल. तसं काही झालं नाही. आप्पासाहेबांकडे तिने बघितलंही नाही. आपला एक डोळा शांतवनवर रोखून ती उभी राहिली.

"मागच्या साली सारा गेली," ती म्हणाली. "सारी वाडी माती द्यायला आली हुती, भाऊ. मी दार लावून आत बसले हुते."

शांतवन खाली बसला. आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि क्लबाकडे चालू लागले. त्यांना थांबवावं असं कुणालाच वाटलं नाही.

मित्रांनो, माझी तक्रार झिजलेल्या लोलकाची नाही. मला घासू नका, तेल देऊ नका, हवं तर उतरवून पुन्हा कुणा ओताऱ्याच्या भट्टीत घाला. माझी एकच विनवणी आहे. तुम्हांला देवाने बोलता येणारं तोंड दिलं आहे. खरं ठाऊक असेल आणि कुणी ते विचारत असेल, तर त्याच दिवशी सांगा. आप्पासाहेबांनीही शेवटी खरंच सांगितलं, नाही असं नाही. पण सारा ते ऐकायला नव्हती.