चष्म्यांच्या दुकानातली बाई

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅमेऱ्याच्या फिल्टरच्या दुकानात होतो. तिने घेऊ नका म्हणून बजावलेला काळा फिल्टर डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे बघत होतो. फोन मेहुणीचा. ती रडत होती. मी फिल्टर दुकानदाराला परत दिला आणि म्हणालो, "राहू द्या, घरी पसंत पडणार नाही."

आम्ही दोघं दुकानांचे व्हिडिओ काढायचो. कॅमेरा उचलून लावणं आणि आत जाऊन मालकाला हसायला लावणं माझं. फिल्टर निवडणं आणि नंतरची कापाकापी तिची. "तुमच्या हातात फिल्टर दिला तर भरदुपारी संध्याकाळ कराल," म्हणायची. दुकानाच्या काचेमागचा माल टिपायचा असला की ती पोलरायझर नावाचा फिल्टर लावायची. त्याची कडी फिरवत गेलं की काचेवरचं रस्त्याचं प्रतिबिंब पुसट होतं आणि आतलं स्वच्छ दिसतं. आणखी फिरवली की प्रतिबिंब परत हजर.

"तुम्ही व्हा आत, काचेचं मी बघते," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मेहुणीने ताईच्या आठवणीसाठी घरी माणसं बोलावली. "फोटो पुष्कळ आहेत, भाऊजी. मला ती हलताना हवी. मिनिटभर तरी."

मी सगळं धुंडाळलं. तिचा एकही व्हिडिओ नाही. कॅमेऱ्यामागे कायम तीच!

"धन्य आहे तुमची! गाद्यांच्या दुकानातली उशी चारी बाजूंनी टिपलीत, आणि माझी बहीण नाही?"

आताशा मला तिचं हसू आठवायचं तेही फोटोतल्यासारखं, थिजलेलं. तेच मला नको होतं.

आमचं शेवटचं काम चष्म्यांच्या दुकानाचं होतं. कापाकापी मला येत नाही, म्हणून टिपलं होतं तसंच पाठवून दिलं. लगेच मालकाचा फोन.

"अहो, माझ्या दुकानात ही बाई कोण?"

"कोणती बाई?"

"मला वेडावून दाखवतेय! मी गिऱ्हाइकाला चष्मा घालतोय आणि माझ्या डोक्यावर हिची शिंगं!"

मी लावून पाहिलं. चष्म्यांच्या रांगेवर ती उभी. कडी मुद्दाम उलटी फिरवून, रेकॉर्डिंग सुरू करून, काचेत नेमकी दिसेल अशा जागी जाऊन थांबली होती. जीभ काढली, दोन बोटांची शिंगं लावली, मग पळत कॅमेऱ्याकडे. काच हळूहळू स्वच्छ झाली. आत मी, मालकाला हसवण्यात गर्क.

मग जुनं न कापलेलं सगळं उघडलं. बेकरीतल्या पावांवर ती जांभई देत होती. गाद्यांवर मान टाकून घोरण्याचं सोंग. भांड्यांच्या दुकानात पोट पुढे काढून माझी चाल. एवढा भाग ती कापून टाकायची आणि मला वाटायचं, हिला कडी बसवायला फार वेळ लागतो.

सगळ्यांना दाखवलं. "भाऊजी, पोट अगदी हुबेहूब!" मेहुणी हसत सुटली, मग भिंतीकडे तोंड करून बसली. चष्मेवालेही आले होते. तेही हसले, पण जाताना म्हणाले, "छानच हो. पण मला माझं दुकान बाईशिवाय द्या."

त्यांचं बरोबर होतं. मी कॅमेरा घेऊन गेलो, पोलरायझर लावला. काचेत रिकामा फुटपाथ दिसत होता. कडी तेवढी फिरवायची होती. मालक आतून खुणेने विचारत होते, हसू का? मी रेकॉर्डिंग सुरू केलं, तिच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि त्यांना शिंगं लावली.

ते दार उघडून बाहेरच आले. "आता तुम्हीसुद्धा?"

"आज काच नीट नाही," मी म्हणालो आणि सामान आवरलं.

त्यांच्या दुकानाचा स्वच्छ काचेचा शॉट अजून घ्यायचा राहिला आहे.