ताडपत्रीचा कोपरा

"काकू, इथे नाही बसता यायचं. आमच्या ऑफिसची जागा आहे."

टाय लावलेला तो चाळिशीचा गृहस्थ तीस माणसांच्या ताडपत्रीवर एकटाच बसला होता, सकाळपासून जागा धरून. साहेब लोक संध्याकाळी येऊन लोळणार. मी याच बागेत झाडू मारते, त्यामुळे साकुराच्या, म्हणजे या चेरीच्या फुलांचं कौतुक मला कोणी सांगू नये. हा बहराचा आठवडा आला की मला नकोसं होतं. फुलांकडे बघतंय कोण? फांद्या ओढून फोटो काढायचे, बिअर ढोसायची आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी ओकायचं. शी.

पण आमच्या ह्यांना, गेन्झोंना, इस्पितळातून दुपारपुरतं सोडलं होतं. पुढचा वसंत ते बघणार नाहीत हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. त्यांना न सांगताच कळलं होतं. त्यांना तळ्याकाठचं हेच झाड हवं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही डबा घेऊन याच्याखाली बसायचो. रात्री पाऊस येणार होता, म्हणजे फुलं आजच.

"कोपऱ्यावर टेकू द्या हो. माणूस आजारी आहे."

"साहेबांनी बघितलं तर माझी धडगत नाही."

"राहू दे गं," चाकाच्या खुर्चीतून गेन्झो म्हणाले. "इथूनही दिसतंय."

दिसत काय होती, तर कचऱ्याची पिंपं. मी खुर्ची वळवली. तेवढ्यात तो गृहस्थ ओशाळून म्हणाला, "काकू, शौचालयाला रांग आहे का हो?"

"आहे म्हणजे? फाटकापर्यंत गेलीये."

त्याचा चेहरा पार पिळवटला. ताडपत्री सोडली तर जागा गेली. "मी येईपर्यंत जरा बसाल का इथे?"

आजारी माणसाला जागा नव्हती. याला मुतायला जायचं झालं तशी लगेच निघाली. मला किळस आली, पण मी हो म्हटलं.

गेन्झोंनी आधी मला दोघांचे बूट काढायला लावले. ताडपत्रीवर बूट घालून कोणी जात नाही. त्यांना धरून कोपऱ्यावर बसवलं, भाताचा गोळा हातात दिला. त्यावर पाकळी पडली, ती त्यांनी काढू दिली नाही. तशीच खाल्ली.

"रांग मोठी असू दे," ते वर बघत म्हणाले.

गृहस्थ परतला, तेव्हा गेन्झोंनी वाकून त्याला सांगितलं, "जागा नीट सांभाळलीये."

पहाटे पाऊस भुरभुरून थांबल्यावर मी कामावर आले. ऑफिसवाले ताडपत्री तशीच टाकून गेले होते. वर डबे, हाडं, चिखल झालेल्या पाकळ्या; आणि काल गेन्झो जिथे बसले होते, नेमक्या त्याच कोपऱ्यावर कोणीतरी ओकून ठेवलेलं. मुकादम फाटकाकडून ओरडत होता, "गुंडाळ आणि टाक पिंपात."

टाकायचीच होती. तरी मी बूट काढले, गुडघे टेकले आणि आधी तो कोपरा धुतला.