निवडलेली माती

माती तपासायच्या प्रयोगशाळेत मला बावीस वर्षं झाली. नेमाचा पाठ आटोपून, हात जोडून कामाला लागते. तरी गंधकाची परीक्षा करताना अजून अंगावर काटा येतो. गाळून घेतलेलं मातीचं पाणी काचेच्या नळीत अगदी नितळ असतं. त्यात बेरियमची चिमूट टाकली, की मातीत जितकं गंधक तितकं ते दुधाळ होतं.

पेरणीआधी दादाने आणून दिलेल्या मातीची नळी तर दुधासारखीच झाली. मी निर्धास्त अहवाल लिहिला : गंधक भरपूर.

दादाचं शेत पावसावरचं. दोन वर्षं भुईमुगाच्या शेंगा पोचट निघत होत्या, आणि वहिनीचा तेलाचा घाणा चालायचा तो घरच्याच शेंगांवर. "यंदाही दाणा भरला नाही तर घाणा उचलून न्यायला माणूस सांगून ठेवलाय," दादा म्हणाला होता. वहिनी घाणा पुसत राहिली होती.

पेरणीनंतर महिन्याभराने सुट्टी काढून गेले. पाऊस बरा झाला होता, तरी पीक फिकट. वाकून पाहिलं. खालची जुनी पानं हिरवी, शेंड्याची कोवळी पानं पिवळी. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. कोवळी पडली, म्हणजे संशय गंधकावर.

"दादा, माती कुठून उचलली होतीस?"

"त्या कोपऱ्यातल्या खळ्याशेजारून. वर्षानुवर्षं भुसा कुजलाय तिथे. एक नंबर माती! तुझ्या साहेबांपुढे जायची म्हटल्यावर..."

वहिनीने कपाळावर हात मारला. "पावडर लावायची तेवढी राहिली तिला!"

"मग काय, खडकाळ तुकडा दाखवू लोकांना?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. माती कुठली, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. भावाला विचारलं नव्हतं.

तिघांनी नागमोडी चालत पंधरा ठिकाणची वीतभर खोल माती काढली. कालवली, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले. पुन्हा चार, पुन्हा दोन, असं करत ओंजळभर उरवली. खडकाळ तुकड्याशी दादा घुटमळला. "हीसुद्धा? लाज वाटते गं."

"दादा, पीक तिच्यातही उभं आहेच ना?"

दुसऱ्या दिवशी नळीत बेरियम टाकलं आणि थांबले. काहीच झालं नाही. नळीपलीकडच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. दरवर्षी शेंगांबरोबर थोडं थोडं करत गंधक शेताबाहेर गेलं होतं, आणि इतकी वर्षं ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. माझे हात आपोआप जुळले.

लगेच दादाला फोन केला. ज्यांच्या टोकाला मातीत शेंग धरते त्या आऱ्या नुकत्याच मातीकडे वळत होत्या. गंधक देणारं जिप्सम टाकायला हीच वेळ.

"टाकतो," तो म्हणाला, "पण दोन ओळी तशाच ठेवणार. परीक्षा तुझीही होऊ दे, वन्संबाई!" हे शेवटचं वहिनीचा आवाज काढून.

"माझी नक्कल नको, पोती उचला!" मागून वहिनी.

चार दिवसांनी पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात शेंडे हिरवे होत गेले. मधल्या दोन ओळी तेवढ्या पिवळ्या.

काढणीला मी गेले. दादाने एक वेल त्या ओळींतला उपटला, एक शेजारचा. पहिल्याच्या शेंगा कानाशी हलवल्या तर खुळखुळ वाजल्या. दुसऱ्याच्या वाजेनात, आत जागाच नव्हती. दादाने दोन्ही वेल शेजारीशेजारी ठेवले. "एका वितीचं अंतर," एवढंच बोलला.

शेंगा वाळल्या, फोडल्या, आणि पहिला घाणा वहिनीने स्वतः लावला. बराच वेळ नुसती पेंड दबल्याचा आवाज. मग पन्हळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, आणि त्याच्यामागून बारीक धार लागली. वहिनीने बोट लावून पाहिलं, माझ्या तळहातावर टेकवलं. तेल कोमट होतं.

"काय म्हणता?" दादाने हळूच विचारलं.

"त्या माणसाला फोन करा," वहिनी धारेवरची नजर न काढता म्हणाली, "येऊ नका म्हणावं."