ऐकणारे व्हॉल्व्ह

रेकॉर्ड संपली, लिफ्टवाल्याने सुई उचलून बाजूला ठेवली, आणि स्पीकरमधून कोणीतरी चालायला लागलं.

आधी लोखंडी काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग एक पाऊल. मग दुसरं, फरफटत आलेलं. पुन्हा लोखंड. त्याने वळून पाहिलं. बोळात कोणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, ओट्यावर दुपारचं ऊन. घरात चिटपाखरू नव्हतं.

उभा जन्म बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. गेल्या हिवाळ्यात बायको गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा त्याने माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेयर खाली काढला. पण सुईचा बारीक आवाज मोठा करून पुढे धाडणारी पेटी, म्हणजे प्रीअँप, सारखी खरखरायची. पेटीत जुन्या रेडिओत असायचे तसे बोटाएवढे काचेचे दोन व्हॉल्व्ह होते.

"ते बदलून बघ," त्याचा दोस्त रेडिओवाला म्हणाला होता. "तेवढाच जीव रमेल."

पहिली जोडी कर्कश निघाली. दुसरीत गाणारी बाई पांघरूण घेऊन गातेय असं वाटायचं. तिसरी जोडी रेडिओवाल्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या यंत्रातून काढलेली. ती लावली आणि लिफ्टवाला हरखूनच गेला. ओळ उचलण्याआधी बाईने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

आणि त्यामागोमाग ही पावलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवाला घरी आला. पेन्सिलीने त्याने एका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला.

"हात्तिच्या! म्हातारा झालाय रे हा. आतली जाळी सैल झाली की व्हॉल्व्ह माइकसारखा वागतो. खोलीतलं हालणं-बोलणं पकडतो आणि तेच मोठं करून तुला ऐकवतो. कोणीतरी चालत असेल, दुसरं काय!"

"कोण चालणार? मी तर इथे बसलो होतो."

"मग वरच्या मजल्यावरचे लोक."

तेवढ्यात लोखंड टेकलं. एक पाऊल पडलं. दुसरं फरफटत आलं. रेडिओवाल्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"वर कोण राहतं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"वर गच्ची आहे."

आवाज बोळातून स्वयंपाकघराकडे गेला, दाराशी थांबला, माघारी फिरला. कानांना मात्र बोळातून काहीच ऐकू येत नव्हतं. येत होतं ते फक्त स्पीकरमधून.

"काढ तो व्हॉल्व्ह," रेडिओवाला उठत म्हणाला. "वहिनींचा वॉकर कुठे आहे?"

"मुलीने दवाखान्याला देऊन टाकला. ती गेली तेव्हाच."

लिफ्टवाल्याने व्हॉल्व्ह काढला नाही. रोज दुपारचं जेवण झालं की रेकॉर्ड न लावताच पेटी चालू करायचा, व्हॉल्व्ह लालसर होईपर्यंत वाट बघायचा, आणि खुर्चीत बसून ऐकायचा. भीती केव्हाच गेली होती. घरात माणूस असल्यासारखं वाटत होतं. मुलीचा फोन आला की म्हणायचा, "माझं मस्त चाललंय गं. तू काळजी करू नकोस."

पण ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, पावलं कुठे विसावतच नव्हती. दार ते दार, दार ते दार. मधे धाप लागायची, एक बारीक कण्हणं यायचं, आणि पुन्हा लोखंड टेकायचं. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी बायकोला चालायलाच लावलं होतं. ती दात आवळून चालायची. "आता बसू का हो?" असं दर फेरीला विचारायची.

आपण इथे आरामात बसून ऐकतोय, आणि ती अजून फेऱ्याच घालतेय.

"बस गं आता," तो मोठ्याने म्हणाला. "पुरे झालं. ये, बस."

आवाज थांबला. मग बोळ सोडून खोलीत आला. फरफट जवळ जवळ येत गेली. शेजारची वेताची खुर्ची स्पीकरमधून करकरली, सावकाश, अंग टेकावं तशी. एक लांब सुस्कारा. मग काहीच नाही.

त्याने मान वळवली नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तसाच बसून राहिला. ती उठल्याचा आवाज आला नाही. तेव्हा त्याने हात लांब करून बटण बंद केलं, व्हॉल्व्ह गार होऊ दिले, आणि अलगद उपसून रुमालात गुंडाळले.

सकाळी दुकानात रेडिओवाल्याने रुमाल उलगडला. व्हॉल्व्ह तपासायच्या यंत्राकडे त्याचा हात गेला आणि परत आला.

"आवाज तर झकास होता ना रे?"

"होता," लिफ्टवाला म्हणाला. "पण मला साधे दे दोन. फार ऐकणारे नकोत. ती आत्ता कुठे बसलीय."

रेडिओवाला पाठ वळवून बराच वेळ खणात शोधत राहिला.