शिंकेत उडालेलं अक्षर

बाबा शिंकले आणि अख्खं अक्षर उडालं! कोरताना पटाशी घसरली नि गेलं, चेरीच्या फळीवरचं, केसाएवढ्या रेघांचं, तेही कवितेच्या शेवटच्या ओळीतलं.

जपानच्या या एदो शहरातले सगळे कोरणारे असंच करतात: लिहिलेला पातळ कागद लाकडावर पालथा चिकटवायचा आणि कागदासकट कोरायचं. ठसा तयार होईस्तोवर मूळ कागद उरतच नाही. म्हणजे ती कविता लिहून देणाऱ्या, माझ्या शाळेतल्या गुरुजींनी ते अक्षर कसं काढलं होतं, हे आता बघायला कुठेच मिळणार नव्हतं. आणि दुपारी गुरुजी स्वतः पहिला छाप बघायला येणार होते! त्यांच्या कविमंडळाचं नव्या वर्षाचं चित्र होतं ते. लव्हाळ्यांतून उडणारा बगळा, वर बगळ्याचीच जुनी कविता.

"संपलं," बाबा म्हणाले. "आता मंडळाचं सगळं काम नदीपलीकडच्या कोरणाऱ्याकडे जाणार."

"मी लिहिते ना ते अक्षर."

"तू? तुझं अक्षर म्हणजे सांडलेल्या शेवया!"

"ते माझं. गुरुजींचं नाही काही."

पाच वर्षं त्यांच्या शाळेत त्यांचाच कित्ता गिरवतेय मी. रेघ शेवटी कशी झटकतात, शाई कुठे संपते, सगळं हाताला पाठ आहे.

बाबांनी तिथे खाच पाडली, चेरीचा तुकडा ठोकून बसवला, घासून सपाट केला. मी श्वास रोखून अक्षर लिहिलं. ते पालथं चिकटवून बाबांनी कोरलं, या वेळी नाकावर फडकं बांधून!

गुरुजी आले. छाप डोळ्यांपाशी धरून बराच वेळ बघत राहिले.

"कामेजिरो, हे एक अक्षर माझं नाही."

बाबांचं कपाळ चटईला टेकलं.

"माझं आहे, गुरुजी!" मी बोलून गेले, आणि मग शिंकेसकट सगळंच सांगून टाकलं.

गुरुजी खोकायला लागले असं वाटलं. हसत होते!

"तरीच! माझा हात हल्ली थरथरतो. इथे रेघ कशी ताठ आली. ओतोसे, शाळेत असं लिहायला काय होतं गं तुला?" मग बाबांकडे वळून म्हणाले, "उठा हो. हेच छापा. दोनशे."

ते कोपऱ्यावरून वळले मात्र, बाबा चटईवर सपशेल आडवे.

"पोरी, भाजलेली रताळी घेऊन ये. मोठी बघून आण."

मी अशी सुटले, की चपला दारातच राहिल्या.