कडुबामामांची दाढ

मनस्विनीला चौकशांची भारी खोड. उस्मानपुऱ्याहून रिक्षात बसली, की क्रांती चौक येईपर्यंत चालकाच्या गुडघेदुखीची सगळी कहाणी तिला ठाऊक झालेली असायची. याच खोडीनं गेल्या खेपेला एम.डी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिचा घात केला. पाऊण तासात पेशंटला विचारायचं, तपासायचं आणि परीक्षकांपुढे निदान मांडायचं; ही बाई पेशंटच्या सुनेच्या माहेरापर्यंत पोचली आणि तपासणी अर्धीच राहिली. आता दुसरी संधी होती. "नेमकं तेवढंच विचार," तिच्या गाईड मीनाक्षी मॅडमनी बजावलं होतं. "पुन्हा राहिलीस, तर ठरलेली नोकरीही जाईल."

तिच्या वाट्याला आले पैठणकडचे कडुबामामा. हृदयाची एक झडप लहानपणापासून गळकी, आणि छातीतला आवाज असा, की नळी टेकवताच ऐकू यावा. म्हणून कॉलेज त्यांना दर परीक्षेला बोलावून घ्यायचं, आणि मामाही धुतलेलं धोतर नेसून पहिल्या एसटीनं हजर व्हायचे. आपण किती डॉक्टर पास केले, याचा त्यांना कोण अभिमान!

"घ्या लिहून," मामा म्हणाले. "चढ चढलं की धाप लागती. निजताना दोन उशा लागत्यात. ताप नाय, छातीत दुखत नाय. झडप हाय मॅडम, डावीकडची. बिनधास्त सांगा."

मनस्विनीला हसू आलं. तिनं तपासलं, तर आवाज सांगितल्या जागीच होता. काम फत्ते झाल्यातच जमा होतं. पण मामा चहात बुडवून पार लगदा केलेलं बिस्कीट उजव्याच गालात ढकलत होते, ते पाहून तिला राहवेना.

"मामा, डावीकडून का चावत नाही?"

"दाढ काढली ना दसऱ्याच्या टायमाला."

"मग आता बरं आहे?"

"दाढंचं बरं हाय. सांजचं अंगात कसकस ऱ्हाती, गोळी खाल्ली की उतरती. पण ते सोडा, ते परीक्षेतलं नाय."

परीक्षेतलं नाय! मनस्विनीनं मनातल्या मनात मॅडमची माफी मागितली आणि मामांचा हात पुढं ओढला. नखांखाली बारीक काळपट रेघा होत्या. पोट चाचपलं, तर डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, बोटांना लागली. दाढेतले जंतू रक्तातून त्या गळक्या झडपेवर जाऊन बसले असणार. या माणसाला आज घरी जाऊ देणं त्याच्या जिवावर बेतलं असतं.

परीक्षक आले, नागपूरचे, कपाळाला कायमची आठी असलेले. तिनं झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचं सांगताच आठी आणखी खोल गेली. सकाळी परीक्षेसाठी पेशंट निवडताना सगळ्या परीक्षकांनी फक्त जुनी झडपच गृहीत धरली होती.

"ताप येतो का हो?" त्यांनी मामांनाच विचारलं.

मामांनी मनस्विनीकडे पाहिलं. पोरगी भलतंच सांगून बसली, आता तिला वाचवलं पाहिजे, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"नाय साहेब! ताप-बिप काय नाय. समजलंय तिला समदं, जरा घाबरलीय. झडपच हाय. करा पास."

'चुकले सर, फक्त झडपच' एवढं मनस्विनीनं म्हटलं, की सुटका होती. ती वाट खुद्द पेशंटनंच मोकळी करून दिली होती. तिला रडू फुटायला आलं, आणि त्या भाबड्या मायेचा रागही आला.

"मामा, आ करा."

"आँ?"

"सरांना दाढेची जागा दाखवा. आणि सांजेला अंगात काय होतं ते खरं सांगा, माझी शपथ आहे."

मामांनी आ केला आणि मग चाचरत कसकस सांगितली. सर वाकले. त्यांनी नखं पाहिली, पोट दाबून पाहिलं.

"आता काय कराल?"

"जंतू शोधायला रक्त पाठवीन सर, आणि दाखल करीन. लगेच."

"मग घ्या रक्त," म्हणून सर पुढच्या खाटेकडे गेले.

ती सुई घेऊन बसली तेव्हा मामांचं तोंड एवढंसं झालं होतं. "मॅडम, मी तुमच्या भल्यासाठीच बोललो. तुम्हाला नापास तर नाय ना केलं मी?"

मनस्विनीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. साऱ्या जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या बाईनं सरांना तेवढं एक विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही, मामा," ती म्हणाली. "मूठ आवळा."