शिट्टी वाजणारच!

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी तुमच्यापुढे रडगाणं गायला आलेलो नाही. माझ्या बुडाला पोचा आहे, मुठीचा एक कोपरा जळालेला आहे आणि माझ्यामुळे परक्या गावातली एक अख्खी इमारत रस्त्यावर आली होती. यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमची एक चकती यंत्राखाली गेली आणि दाब खाऊन खाऊन तिचं भांडं झालं. मग झाकण आलं, रबरी रिंग आली, सेफ्टी व्हॉल्व आला आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर शिट्टी बसली. तपासणाऱ्या माणसाने मला वाफेवर धरून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "याचा आवाज दणदणीत आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दाब सोसायचा आणि जास्त झाला की बोलून टाकायचं, एवढंच मला शिकवलेलं आहे आणि तेवढंच मी आजवर करत आलो.

मला एका आईने विकत घेतलं. तिच्या ओट्यावर मी बरीच वर्षं काढली. तिची मुलगी माझ्या शिट्ट्या मोजतच मोठी झाली. आई अंघोळीला जाताना ओरडायची, "तीन झाल्या की गॅस बंद कर गं!" मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता हो म्हणायची आणि मग दोन झाल्या की तीन, यावर माझ्याकडे डोळे वटारून बघायची. पुढे ती इंग्रजीची शिक्षिका झाली. तेव्हापासून मीही तिला बाईच म्हणतो.

मग परदेशातल्या एका भाषाशाळेने बाईंना इंग्रजी शिकवायला बोलावलं. घरात आनंद झाला, पण बाईंच्या काकांनी नाक मुरडलंच. "तिकडच्यांना इंग्रजी शिकवायला आपली पोरगी? ते काय हिची वाट बघत बसलेत? वर्षभरात परत येते की नाही बघा."

आई लगेच कामाला लागली. तिने मला घासूनपुसून चकचकीत केलं, माझ्या पोटात मोजे कोंबले आणि सोबत एक जादा रिंग आणि जादा व्हॉल्व ठेवला. बाई वैतागल्या. "अगं, तिकडे काय भांडी मिळत नाहीत? हे कशाला?"

"भांडी मिळतील. हा मिळणार नाही," आई म्हणाली आणि तिने बॅगेची चेन ओढली.

परदेशातलं ते स्वयंपाकघर एवढंसं होतं. एका हाताशी बेसिन, दुसऱ्या हाताशी विजेची शेगडी, आणि खिडकी अशी की वीतभर उघडायची आणि अडायची. बाईंचे पहिले दिवस फार अवघड गेले. दुकानातल्या पाकिटांवरचं वाचता येईना. मीठ म्हणून आणलं ती साखर निघाली आणि त्या रात्रीचे बटाटे बाईंनी गोडच गिळले. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे, त्यात चुकीच्या डब्यात साल टाकली की जिन्यात कोणीतरी घसा खाकरायचं. जिना तर इतका गप्प की स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून बाई पाऊल हळू टाकू लागल्या. मी ते वरून ऐकत होतो आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. आमच्या बाई हळू चालणाऱ्यातल्या नव्हेत.

आता इमारत रस्त्यावर कशी आली ते ऐका. आपल्याकडे गॅस बंद केला की मी निमूट होतो. ही विजेची शेगडी बंद केली तरी कितीतरी वेळ तापलेलीच राहते. बाईंना हे कुठून माहीत असणार? एका रविवारी सकाळी त्यांनी मला चढवलं, दोन शिट्ट्या झाल्यावर बटण फिरवलं आणि त्या कपडे वाळत घालायला आत गेल्या. मी मात्र तापतच होतो. मी आपला रीतसर शिट्ट्या देत राहिलो.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते. तिने असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटलं, धोक्याचा भोंगा वाजतोय. तिने अग्निशमन दलाला फोन केला आणि प्रत्येक दार बडवत सुटली. माणसं अंगावर मिळेल ते घालून खाली धावली. बाईही धावल्या! आग कुठे लागली म्हणून त्या सगळ्यांबरोबर रस्त्यावर उभ्या राहून वर बघत होत्या, तेवढ्यात मी आणखी एक शिट्टी दिली आणि बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

एक धिप्पाड जवान शिरस्त्राण घालून स्वयंपाकघरात घुसला. तोवर मी शांत झालो होतो. त्याने बाईंना वर बोलावून झाकण उघडवून घेतलं, आत वाकून पाहिलं आणि खिडकीतून खाली ओरडला, "बटाटे आहेत!"

(तिकडच्यांचं बोलणं मी तुम्हांला मराठीतच सांगतोय. कुकरला सगळ्या भाषा सारख्याच ऐकू येतात.)

लोक हसले आणि आपापल्या घरी गेले. घरमालकीण हसली नाही. "भांडं खुशाल ठेवा," ती म्हणाली, "पण हा आवाज माझ्या घरात पुन्हा नको."

त्याच आठवड्यात शाळेच्या संचालकांनीही बाईंना बोलावून घेतलं. शाळेत खुला वर्ग व्हायचा होता. नवीन लोक येऊन बसतात, बाईंचं शिकवणं बघतात आणि मग नाव घालायचं की नाही ते ठरवतात. बाईंना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही तेही त्यावरच ठरणार होतं. संचालक गोड आवाजात म्हणाले होते, "तुमचं इंग्रजी उत्तम आहे. फक्त ते ऐकायला जरा तुमच्याकडचं वाटतं. धड्यांच्या ध्वनिफितीतल्या बाईसारखं बोला. आणि कोणी विचारलंच, तर तुम्ही लहानपणापासून इंग्रजांच्याच देशात वाढलात असं सांगू या. लोकांना बरं वाटतं."

हे मला कसं कळलं? बाईंनी घरी येऊन ते आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "आणि तू काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले," बाई म्हणाल्या.

मग त्या माझ्यासमोर उभ्या राहून सराव करू लागल्या. आवाज नाकातून काढायचा, जीभ वळवायची, शब्द अर्धा गिळायचा. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मला राग आला. या बाई आपल्या घरी असताना शिकवणीच्या मुलांना खणखणीत आवाजात कविता म्हणून दाखवायच्या, ते मी ओट्यावरून ऐकलं होतं. तोच आवाज आता मांजराने दूध चाटावं तसा येत होता.

सराव करता करता त्यांनी मला शेगडीवर ठेवलं, आणि मालकिणीचं बोलणं आठवून माझ्या शिट्टीवर ओलं फडकं गुंडाळलं. वर वाटी पालथी घातली, वाटीवर खलबत्ता ठेवला. मित्रांनो, मी सहन केलं. बरंच सहन केलं. पण मला जे शिकवलंय ते मी कोणासाठीही विसरत नाही. माझा व्हॉल्व फटकन उडाला, वाफेचा फवारा सुटला, खलबत्ता जमिनीवर आदळला आणि बटाट्याचा लगदा थेट छताला जाऊन चिकटला. बाई दाराशी होत्या म्हणून वाचल्या.

मालकीण धापा टाकत वर आली. तिने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकलेल्या बाईंकडे पाहिलं.

"मी आवाज बंद करा म्हटलं होतं," ती म्हणाली. "जीव द्या नव्हतं म्हटलं. त्या भोंग्याचं काय केलंत?"

"दाबून ठेवला. तुम्हांला धोक्याचा वाटतो ना, म्हणून."

"मग? तो धोक्याचा नाही?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांना रडूही येत होतं आणि संतापही. "शिट्टी वाजते म्हणजे तो बरा आहे, सगळं ठीक चाललंय. तो गप्प बसला की घाबरायचं असतं."

आपणच काय बोललो ते बाईंना बोलल्यावर ऐकू आलं. त्या एकदम थांबल्या. मालकिणीने स्टूल आणलं, दोघींनी मिळून छत पुसलं आणि जाताना ती कुरकुरत म्हणाली, "बरं, वाजू दे. पण दिवसा."

बाईंनी आईने दिलेला जादा व्हॉल्व काढला आणि माझ्या झाकणात बसवला. नाकातला आवाज त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

खुल्या वर्गाला बाई मला कापडी पिशवीत घालून बसने घेऊन गेल्या. शाळेतली चहाची शेगडी टेबलावर आली आणि शेगडीवर मी. खुर्च्या भरलेल्या होत्या, मागे संचालक हाताची घडी घालून उभे होते. आणि दुसऱ्या रांगेत कोण? तोच धिप्पाड जवान! आपण त्या दिवशी काय विझवायला गेलो होतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं.

बाईंनी खेळ मांडला. लोकांनी इंग्रजीत हुकूम सोडायचे, बाई सांगितलं तेवढंच करणार. एकजण म्हणाला, बटाटे ठेवा. झाकण उघडा असं कोणी म्हटलंच नव्हतं, म्हणून बाईंनी बटाटे झाकणावर रचले. ते गडगडत खाली आले. लोक हसले, ओरडले, एकमेकांना दुरुस्त करू लागले. तोंड न उघडणारी माणसंही हुकूम सोडू लागली आणि होता होता बटाटे-पाणी आत जाऊन माझं झाकण लागलं, शेगडी सुरू झाली. बाई त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलत होत्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत एकेक शब्द पोचत होता.

तेवढ्यात लेकीला घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

संचालक मागून चटकन म्हणाले, "त्या लहानपणापासूनच तिकडे..."

मित्रांनो, नेमक्या त्या वेळी मी शिट्टी दिली असती, तर गोष्टीत फार शोभलं असतं. पण माझं पाणी अजून कोमटच होतं. बाईंना एकटीनेच बोलावं लागलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी तिकडे कधी राहिलेलीच नाही. हा कुकर जिथला आहे ना, मी तिथलीच. इंग्रजी मी तिथेच शिकले, घासून घासून शिकले. म्हणून तुम्ही कुठे अडखळणार ते मला आधीच कळतं. चालत असेल तर बसा. नसेल तर दार उघडं आहे."

ती बाई लेकीला घेऊन उठली. तिच्यामागे आणखी काहीजण गेले. संचालकांचा चेहरा पडला. बाईंचा आवाज मात्र कापला नाही. त्या म्हणाल्या, "हं, पुढचा हुकूम?"

आणि मग माझं पाणी उकळलं. मी शिट्टी दिली, माझी ठेवणीतली. अर्धा वर्ग दचकून उभा राहिला, एकजण तर दाराकडेच धावला. जवान तेवढा जागचा हलला नाही. उलट त्याने हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "बसा. तो बरा आहे. त्याला बोलू द्या."

संचालकांचं मन पालटलं असं मी सांगणार नाही. जवानाने त्याच्या अग्निशमन केंद्रावरच्या सगळ्यांची नावं घातली, खुर्च्या पुन्हा भरल्या, म्हणून संचालकांनी बाईंना ठेवलं. बाईंनीही राहताना बजावलं, "मी कुठली ते मीच सांगणार."

पुढे बाईंनी विजेवर चालणारा नवा कुकर घेतला. तो बोलत नाही, नुसता दिवा लावतो. मला फडताळात वर ठेवलं. रुसलो मी, का नाही रुसणार? फक्त रविवारी बाई मला खाली काढायच्या, जुन्या ओळखीखातर.

एका रविवारी मला कोणी काढलं नाही. सकाळ गेली, दुपार झाली. दारावर थाप पडली. उत्तर आलं नाही तेव्हा कुलपात किल्ली फिरली. मालकीण होती. बाई तापाने फणफणून पलंगावर पडल्या होत्या, पाणी घ्यायला उठण्याचंही त्राण नव्हतं.

"आज शिट्टी ऐकू आली नाही," मालकीण त्यांच्या कपाळावर हात ठेवत म्हणाली. "म्हटलं, काहीतरी बिनसलंय."

तिने डॉक्टरांना बोलावलं. मग मला फडताळातून उतरवलं, बटाटे घातले, पाणी घातलं आणि झाकण लावायला आधी उलटंच धरलं. पण लावलं तिने.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. माझी रिंग धुवून ठेवा. व्हॉल्व जुना झाला की बदला. शिट्टीच्या भोकात कण अडकला तर काढा. एवढं केलंत तर मी आणखी कितीतरी वर्षं राबेन. पण माझ्या शिट्टीवर फडकं टाकू नका. माझ्याच नव्हे, घरात, वर्गात, परक्या गावात, कोणाच्याच शिट्टीवर टाकू नका. ज्यांना आवाज खुपतो त्यांनी खुशाल खाली उभं राहून वर बघावं.

मी बरा आहे, म्हणून वाजतोय.